रोज एक फूल: जलरंग, शाई आणि वाळण्याची वेळ

रोज एक फूल रंगवायचं तर हात किती बसलाय हा प्रश्न नंतरचा. आधी जमायला हवा तो पाण्याचा हिशोब. अर्धा तास बसलं तर त्यातली दहा-बारा मिनिटं कागद वाळण्यात जातात. ती कशात घालवायची हे ठरलेलं नसलं की ओल्या रंगावर पेन फिरतं, शाई फुटते, आणि थोड्याच दिवसांत वही कपाटात जाऊन बसते. माझी सगळी पद्धत या वाळण्याभोवतीच रचलेली आहे.

वही ए-६ आकाराची, म्हणजे १०.५ × १४.८ सेंटिमीटर. यापेक्षा मोठं पान घेतलं की पार्श्वभूमी भरावीशी वाटते आणि अर्धा तास पुरत नाही. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ३०० ग्रॅम. दीडशे-दोनशेचा कागद रंगाच्या दुसऱ्या हाताला लाटा धरतो, आणि रंग खळग्यांत साचून नको तिथे गडद होतो. शंभर टक्के सुती कागद रंगासाठी उत्तम, पण तो ओल बराच वेळ धरून ठेवतो. रोजच्या सरावाला लाकडाच्या लगद्याचा कागद लवकर वाळतो म्हणून सोयीचा. मात्र त्यावर एकच रंग तीन-चार वेळा फिरवला तर खालचा थर उखडतो. पोत शक्य तितका गुळगुळीत घ्यावा. खरखरीत कागदावर रेघ तुटक येते आणि पेनाचं बारीक टोक लवकर झिजतं.

पेनाच्या बाबतीत एकच अट, शाई पिगमेंटची (बारीक रंगकणांची) आणि वाळल्यावर पाण्यात न विरघळणारी हवी. साध्या फाउंटन पेनाची शाई बहुतेकदा डायची, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची असते; ब्रश फिरला की ती जांभळट-राखाडी होऊन सगळ्या पाकळीत पसरते. पाकिटावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलंय म्हणून भागत नाही. त्याच कागदाच्या तुकड्यावर चार रेघा ओढून दोन, पाच, दहा मिनिटांनी आणि दुसऱ्या दिवशी एकेकीवर ओला ब्रश फिरवून पाहावा. आपल्याला किती थांबायचं ते त्यातून कळतं. पिग्मा मायक्रॉनसारख्या पेनांवरचे आकडे म्हणजे मिलिमीटर नव्हेत: ०१ ची रेघ साधारण पाव मिलिमीटर, ०५ ची ०.४५. पाकळ्यांना ०१, देठाला आणि निदलपुंजाला (पाकळ्यांखालच्या हिरव्या वाटीला) ०३ पुरतं. शेलॅक (लाख) असलेली इंडिया इंक फाउंटन पेनात भरू नये. ती आत वाळून बसते आणि पेन कायमचं जाम होतं. ती टाकात वापरावी.

आधी शाई की आधी रंग? दोन्ही चालतं, पण रोजच्या कामात मी शाई आधी करते. विल्यम कर्टिस यांनी १७८७ मध्ये सुरू केलेल्या वनस्पतींच्या मासिकातही आधी रेषाचित्र छापत आणि मग हाताने रंग भरत. ही हातरंगाई १९४८ पर्यंत चालू होती. शाई आधी करण्याचं कारण साधं आहे, रेघ ठरलेली असली की रंग मोकळा सोडता येतो. रंग आधी लावला तर पेन उचलण्यापूर्वी कागद पूर्ण कोरडा हवा. हाताची मागची बाजू टेकवून पाहावी; कागद गार लागला तर आत अजून ओल आहे.

पेन्सिलीला पाच मिनिटं. आधी फुलाचा कल आणि तोंडाचा लंबगोल, मग मध्य, मग पाकळ्या. जास्वंद, सदाफुली अशा पाच पाकळ्यांच्या फुलात दोन चुका हमखास होतात. एक, पाचही पाकळ्या सारख्या लांबीच्या काढल्या जातात. फूल कललेलं असेल तर आपल्याकडे येणारी पाकळी आखूड आणि रुंद दिसते. दुसरी, देठ मध्याशी जुळत नाही. देठाची रेघ मनाने पाकळ्यांमागून पुढे नेली तर ती बरोबर केंद्रात यायला हवी, नाहीतर फूल चिकटवल्यासारखं दिसतं. गुलाब किंवा झेंडू असेल तर पाकळ्या मोजत बसू नये. बाहेरचा आकार आणि मधला गाभा नीट पकडला की मधल्या दहा-बारा कडा पुरतात.

शाईची रेघ सगळीकडून सारख्या जाडीची ओढली की चित्र रंगवायच्या पुस्तकातलं दिसायला लागतं. उजेडाच्या बाजूला रेघ तोडावी, सावलीच्या बाजूला दोनदा फिरवावी. शिरा केंद्राकडून बाहेर, दाब कमी करत, पाकळीच्या दोन-तृतीयांशापर्यंतच न्याव्यात. शाई वाळल्यावर पेन्सिल हलक्या हाताने खोडावी, तीही रंगाआधी, कारण रंगाखाली गेलेली पेन्सिल निघत नाही. जोरात घासलं तर शाई फिकी होते, शिवाय कागदावरचं सायझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषू न देणारा लेप, खरवडला जातो आणि तिथे रंग शोषून गडद डाग पडतो.

शाई वाळेपर्यंत रंग मिसळून ठेवायचे. माझ्याकडे सहाच रंग असतात: लेमन यलो, एक उबदार पिवळा, क्विनॅक्रिडोन रोज (गुलाबी), अल्ट्रामरीन आणि थॅलो ब्लू (दोन निळे) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). तांबडा हवा तर गुलाबी आणि उबदार पिवळा मिळून होतो. गुलाबी निवडताना ट्यूबवरचा पिगमेंटचा क्रमांक वाचावा. पीव्ही १९ उजेडात टिकतो. पीआर ८३ म्हणजे खरा अलिझरिन क्रिमसन फिकटतो, आणि ऑपेरा नावाचे झगझगीत गुलाबी तर त्याहून लवकर उडतात. हिरवा तयार ट्यूबमधून घेतला तर रोजची पानं एकाच हिरव्यात बुडतात. थॅलो ब्लूत पिवळा आणि चिमूटभर बर्न्ट सिएना घातला की हवा तसा हिरवा मिळतो.

आता पाकळ्या. शेजारच्या दोन ओल्या पाकळ्या एकमेकींत घुसतात, म्हणून एक सोडून एक रंगवायच्या. पाच पाकळ्यांचं हे गणित दोन फेऱ्यांत बसत नाही. आधी पहिली आणि तिसरी. मग दुसरी आणि चौथी. पाचवी एकटी उरते. मधल्या वेळात देठ आणि पानं होतात. ६ नंबरचा गोल ब्रश, आधी पाकळीत स्वच्छ पाणी, मग कडेला किंवा गाभ्याशी दाट रंग टेकवायचा आणि त्याला पसरू द्यायचं. वाळल्यावर रंग फिका होतो, म्हणून ओला असताना थोडा जास्तच गडद वाटायला हवा.

सगळ्यात जास्त चित्रं बिघडतात ती इथे. पाकळीची चमक गेली पण ओल आहे, अशा वेळी ‘जरा सुधारू’ म्हणून पाण्याने भरलेला ब्रश टेकवला की ते पाणी रंगद्रव्य बाहेर ढकलतं आणि फुलकोबीसारख्या कडेचा डाग उमटतो. चमक असेपर्यंत हात घालावा, नाहीतर पूर्ण वाळू द्यावं. हेअर ड्रायर चालतो, पण साचलेलं पाणी आधी ब्रशने टिपून घ्यावं आणि ड्रायर फूटभर लांब, मंद ठेवावा. नाहीतर वारा रंगाचे ओघळ काढतो.

सावली दुसऱ्या थरात, २ नंबरच्या ब्रशने. पिवळ्या फुलात काळा किंवा निळा घातला तर ते हिरवट होतं. तिथे पातळ बर्न्ट सिएना वापरावा. पांढऱ्या फुलात बहुतेक कागद कोराच सोडायचा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा अगदी पातळ राखाडी फक्त वळणांत, आणि मागे एखादं गडद पान. पांढरेपणा त्या पानामुळे दिसतो. एका मिश्रणात तीनपेक्षा जास्त रंगद्रव्यं गेली की मातकटपणा येतो.

शेवटी, सगळं कोरडं झाल्यावर, पेनाने दोन-तीन ठिकाणीच गडद घ्यायचं: गाभ्याचा तळ, दुमडलेल्या पाकळीखाली, देठाच्या सांध्यावर. दाट रंगावर पेन दाबून ओढलं तर टोकात रंग भरतो आणि शाई अडते. कोऱ्या कागदावर दोन रेघा ओढल्या की बहुधा सुटतं.

जास्वंदीची बहुतेक फुलं एकच दिवस टिकतात, तेव्हा ती सकाळीच घ्यावी. सदाफुलीची फांदी पाण्यात ठेवली तर तीन दिवस तीन बाजूंनी काढता येते. फूल न मिळाल्यास वाळलेली शेंग चालते. पॅलेट ओलं असताना झाकण लावू नये, बुरशी धरते. रात्रभर उघडं ठेवावं आणि बसायच्या पाच मिनिटं आधी रंगाच्या वड्यांवर पाणी फवारावं, म्हणजे रंग घासत बसावं लागत नाही.