आधीची आणि नंतरची

"या दोन आधीच्या. बाकी सगळ्या नंतरच्या."

श्रीवर्धनला आज काकू पोफळींकडे बोट दाखवत म्हणाली. कशाच्या आधीच्या, ते विचारावं लागलं नाही.

३ जून २०२०. निसर्ग वादळ याच किनारपट्टीवर आलं, वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर. दुपारभरात वाडी आडवी झाली. सावरतोय तोवर पुढच्या मे महिन्यात तौक्ते.

नंतरच्या पोफळींना आता सुपारी धरलीय. काकूने एक हिरवीगार सुपारी माझ्या तळहातावर ठेवली. "ह्यांनी लावलेली. बघायला राहिले नाहीत."

ती सुपारी अजून खिशात आहे.

भरपाई सुरुवातीला हेक्टरावर ठरली होती. रोप वाढायची वाट बघण्यात गेलेली वर्षं कुठल्या रकान्यात लिहायची?