तुम्ही विचारलंत म्हणून: मी प्रकटीकरणावर सभा का घेत नाही

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. उपासना सुटल्यावर चपला घालताना, लग्नात जेवणाच्या रांगेत, परवा तर नाशिकरोडच्या बिटको चौकात सिग्नलला शेजारच्या गाडीवरून. "काय काका, इस्राएलचं बघताय ना? आता तरी प्रकटीकरणाची एक सभा घ्या की." मी "बघू" म्हणतो आणि गिअर टाकतो. (प्रकटीकरण म्हणजे बायबलचं शेवटचं पुस्तक, जगाच्या शेवटाचं म्हणून लोक वाचतात ते.) मग मागे चर्चा होते की हा थंड पडला, पैशाच्या मागे लागला, कुणाकुणाच्या मते तर माझा विश्वासच उडाला. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय, म्हणजे पुढच्या वेळी सिग्नलला फक्त हात हलवता येईल.

प्रभू परत येणार यावर माझा विश्वास आहे. काल होता, आज आहे. हे पहिल्यांदा सांगावं लागतं यातच सगळं आलं.

ज्यांनी माझा जगाच्या शेवटाचा तक्ता पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. मांजरपाटाच्या लांबलचक कापडावर ऑइल पेंटने काढलेला, डाव्या टोकाला बायबलच्या दानीएल पुस्तकातला तो मातीच्या पायांचा पुतळा, उजवीकडे प्रकटीकरणातलं सात डोक्यांचं श्वापद, मध्ये बाण, वर्षं, कंस. जेल रोड, देवळाली गाव, सातपूर, कुणाच्याही घरी कॉटेज मीटिंग असली की गुंडाळी बगलेत मारून मी हजर. 1999 साल होतं, पेपरात रोज वायटूके, कंप्युटर बंद पडणार, विमानं पडणार, आणि मी 29 वर्षांचा, आवाज खणखणीत, लोक रडायचे हो अक्षरशः. तारीख मात्र मी कधीच सांगितली नाही, हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो. (तारीख न सांगता तारीख कशी सांगायची हे मला फार छान जमायचं.)

त्या मीटिंगला एक मावशी यायच्या. नाव लिहित नाही, जुन्या लोकांना कळेल. विधवा, चार घरी पोळ्या करायच्या, मुलगा बारावीला. नवऱ्याच्या फंडातून घेतलेला दीड गुंठा पाथर्डी फाट्याच्या पुढे, तेव्हा तिकडे नुसती शेतं होती, संध्याकाळी सहानंतर रिक्षावाला यायचा नाही. एका गुरुवारी मीटिंग संपल्यावर सगळ्यांचा चहा झाला, मी तक्ता गुंडाळत होतो आणि मावशी दुसरं टोक धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "दादा, प्लॉटला गिऱ्हाईक आलंय. पोराच्या डिप्लोमासाठी ठेवलेला. इकू का ठिवू?"

मी काय म्हणालो ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. "मावशी, आता कशाला त्यात जीव अडकवायचा?"

बस. एवढंच. विका असं म्हणालो नाही. कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच सांगत होतो की मी विका म्हणालोच नाही, प्रार्थना करून ठरवा असं पण म्हणालो असणार, म्हणजे मी नेहमी म्हणायचो तसं. पण खरं सांगायचं तर त्यांच्या हातात कापडाचं दुसरं टोक होतं, त्या टोकाला श्वापद होतं, आणि आत्ताच दीड तास मी सांगितलं होतं की बाजार संपणार, पैसा कागद होणार. अजून काय म्हणायचं राहिलं होतं?

38 हजाराला गेला. त्यातले पाच त्यांनी मीटिंगला दिले, प्रचाराच्या पत्रिका छापायला. मी घेतले. पावती पण दिली.

31 डिसेंबरला रात्रभर प्रार्थना होती. बारा वाजले, लाइट पण गेली नाही. सकाळी आम्ही पोहे खाल्ले आणि एकमेकांकडे न बघता घरी गेलो. दोन तारखेला रविवार, मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, बाहेर मावशी भेटल्या. मला वाटलं आता बोलतील. त्या जवळ आल्या आणि विचारलं, "दादा, मंग आता कधी?"

टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी सुटलो असतो. त्यांना खरंच माहिती हवी होती, जशी एसटीची विचारतात, ही चुकली तर पुढची कधी.

पोराचा डिप्लोमा झाला नाही. सांगायला अवघड वाटतं, पण पाळकसाहेबांकडे मी हा विषय काढलाच नाही, आणि मावशी 2011 मध्ये गेल्या तोपर्यंत दर नाताळला माझ्यासाठी करंज्या घेऊन यायच्या. मी त्या खायचो. अंत्यविधीनंतर काही महिन्यांनी मुलाकडे गेलो, तो अंबडला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होता, पाकिटात 40 हजार घेऊन गेलो होतो. नाही म्हणेल असं वाटलं होतं. त्याने मोजून घेतले. मग म्हणाला, "आज तिथं गुंठ्याचा भाव काय चाललाय, माहितीये?"

माहिती होता. मी दर वर्षी विचारायचो.

असो. मग मी तेच पुस्तक परत वाचायला बसलो, तक्त्याशिवाय. आणि दिसलं काय तर प्रकटीकरणात श्वापद यायच्या खूप आधी सात मंडळ्यांना लिहिलेली सात पत्रं आहेत, इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया, सगळी आजच्या तुर्कस्तानातली खरीखुरी गावं, आणि मी ती दहा मिनिटांत उरकून पुढे पळायचो कारण त्यात मसाला नाही. एकाही मंडळीला वर्ष मोजायला सांगितलेलं नाही. इफिसकराला म्हटलंय तुझी पहिली प्रीती गेली. स्मुर्णाला तुरुंगाची कल्पना दिलीये आणि मरेपर्यंत विश्वासू राहा म्हटलंय, आणि त्याच गावात पुढे, दुसऱ्या शतकात, म्हातारा बिशप पॉलिकार्प खरंच जाळला गेला, 86 वर्षं मी प्रभूची सेवा केली आता त्याला कसा नाकारू असं म्हणत. 666 चं, म्हणजे त्या श्वापदाच्या आकड्याचं म्हणाल तर नीरो कैसर हे नाव हिब्रूत लिहून अक्षरांची बेरीज केली की तेवढीच येते, म्हणजे पहिल्या ऐकणाऱ्यांना बारकोड आणि आधार नंबरची गरज नव्हती. नोटबंदीत याच आकड्यावर मला किती फोन आले होते, जाऊ दे.

प्रेषित पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेलं दुसरं पत्र घ्या, त्यांचं तर आपल्यासारखंच. प्रभूचा दिवस आलासुद्धा, असं कुणीतरी पौलाच्या नावावर पसरवलेलं, म्हणजे आपल्या भाषेत फॉरवर्डच, आणि त्याच पत्रात खाली आहे की ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये. आणि अगब. बायबलच्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात अगब संदेष्टा सांगतो मोठा दुष्काळ येणार, तर अंत्युखियाच्या मंडळीने काय केलं? चिन्हं मोजली नाहीत. प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे पैसे काढले आणि बर्णबा आणि शौलाच्या (म्हणजे पौलाच्याच) हाती यहूदियातल्या भावांना पाठवले. भविष्य ऐकलं आणि वर्गणी काढली. आमच्याकडे पण भविष्य ऐकून वर्गणी निघाली होती, फक्त ती एका विधवेकडून निघाली आणि तिच्या पत्रिका छापल्या.

आपल्या नाशिकच्या शरणपूरचंच घ्या ना. मिशनरी तिथं प्रभूची वाट बघत नव्हते का? बघत होते. पण गुलामीतून सुटलेल्या आफ्रिकन पोरांना सुतारकाम, लोहारकाम शिकवत होते, आणि तिथं शिकलेला जेकब वेनराइट 1874 मध्ये, आफ्रिकेत वारलेल्या मिशनरी लिव्हिंग्स्टनच्या शवासोबत लंडनपर्यंत गेला. इथे मी एका पोराचा डिप्लोमा घालवला.

पण ज्याने मला खरं झोपू दिलं नाही तो यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 32 वा अध्याय. बाबेलच्या फौजेचा यरुशलेमेला वेढा पडलेला, यिर्मया स्वतः कैदेत, शहर पडणार हे त्यानेच सांगितलेलं, म्हणजे शेवट कधी ते पक्कं माहीत असलेला माणूस. आणि तो काय करतो, तर चुलतभावाकडून अनाथोथचं शेत विकत घेतो. 17 शेकेल रुपं तोलून, साक्षीदार बोलावून, खरेदीखत मडक्यात घालून, खूप दिवस टिकावं म्हणून. मावशींच्या आधी मी हा अध्याय वाचला नव्हता का? वाचला होता. लाल पेनने खूणसुद्धा आहे. तक्त्यावर कुठे बसेना म्हणून सोडून दिला होता.

आता तो 29 वर्षांचा मी कधी कधी समोर येऊन बसतो. म्हणतो, छान, म्हणजे आता तू कोमट झालास, त्या सातव्या पत्रातला लावदिकीयाकर झालास, ना थंड ना गरम, प्रभू तोंडातून ओकून टाकेल. मी म्हणतो, अरे, ते गाव श्रीमंत होतं, इसवी सन 60 च्या सुमारास भूकंपात पडलं तर रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशाने उभं राहिलं, दोष त्या मिजाशीला आहे, कोमट पाण्याचा अर्थ तुला कळलेला नाही. तो म्हणतो, कळला नसेल, पण माझ्या मीटिंगमध्ये लोक गुडघ्यावर यायचे, दारू सोडायचे, तुझ्यामुळे कोण काय सोडतंय? आणि इथे माझ्याकडे उत्तर नाही. खरंच सोडायचे. तीन जणांनी सोडलेली मला माहितीये, त्यातला एक आजही दर रविवारी पहिल्या बाकावर असतो, आणि त्याच तक्त्यापुढे त्याने सोडली. मग तक्ता खोटा होता का? माहीत नाही. माळ्यावर आहे अजून. फेकवत नाही. आणि रात्री दोनला मोबाइलवर यरुशलेमच्या बातम्या मीच बघत असतो, बायकोला विचारा.

गेल्या रविवारी आमच्या युवकांमधला एक जण बाजूला घेऊन गेला. इंदिरानगरला फ्लॅट बघितलाय, लोन वीस वर्षांचं. म्हणाला, "काका, खरं सांगा, एवढा वेळ आहे का आपल्याकडे?"

मी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिलो. मग म्हटलं, ईएमआय किती बसतोय ते सांग आधी.