गोचीड कुत्र्यावर कमी, भिंतीत जास्त

पावसाने उघडीप दिली की कुत्रेवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो: 'गोचिडींवर काय लावू?' उत्तरंही ठरलेली असतात. कुणी पावडर सांगतं, कुणी कडुनिंबाचं तेल, तर कुणी 'आमच्या डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिलं, सगळ्या गळून पडल्या' असं सांगतं. ही सगळी उत्तरं कुत्र्याच्या अंगाबद्दल असतात. पण आपल्याकडच्या कुत्र्यांवर जी तपकिरी गोचीड सापडते, तिच्या आयुष्यातले बहुतेक दिवस अंगावर जातच नाहीत. ती घरात असते.

अंड्यातून सहा पायांचं, मोहरीहून बारीक पिल्लू निघतं. ते कुत्र्यावर चढून काही दिवस रक्त पितं, खाली पडतं आणि एखाद्या फटीत लपून कात टाकतं. आता त्याला आठ पाय झालेले असतात. ते पुन्हा चढतं, पितं, पडतं आणि पुन्हा कात टाकतं. तिसऱ्यांदा चढते ती पूर्ण वाढलेली गोचीड. मादी आठवडाभर किंवा त्याहून जास्त रक्त पिऊन फुगते आणि शेवटची खाली पडते. ती जमिनीवर थांबत नाही, भिंतीवर वर चढत जाते. म्हणून अंडी सापडतात ती पडद्याच्या घडीत, फोटोफ्रेमच्या मागे, दाराच्या चौकटीत, छताजवळच्या भेगेत. कोकणात, गोव्यात चिऱ्याचा गडगा असेल तर विचारूच नका, एकेका भोकात वसाहत असते. एक मादी हजारांच्या घरात अंडी घालते आणि मरते. वाढलेली गोचीड मात्र रक्ताचा थेंब न मिळता कित्येक महिने वाट बघू शकते. दोन महिने गावाला जाऊन आलात तरी ती घरात हजर असते.

थोडक्यात, अंगावर चार दिसल्या तर घरात किती असतील याचा अंदाज करा आणि औषधाचे पैसे दोन्हीकडे वाटा.

आधी अंग. आठवड्यातून दोनदा बोटांनी तपासायचं, नुसतं डोळ्यांनी नाही, कारण केसांत दिसत नाही. कानाच्या आतल्या घड्या, कानामागे, पट्ट्याखाली, काखेत, जांघेत, शेपटीच्या बुडाशी आणि बोटांच्या बेचक्यात. बेचक्यातली सर्वांत जास्त सुटते. पंजाची बोटं फाकवून तळव्याच्या मऊ गादीच्या वर बघितलं तर तिथे एखादी राखाडी, फुगलेली, चवळीच्या दाण्याएवढी मादी असते आणि तिला खेटून एक चपटा, तांबूस, तिळाएवढा नर. लोक मादी काढतात आणि नराला खपली समजून सोडून देतात.

काढताना टोकदार चिमटा कातडीला अगदी टेकवून गोचिडीला तोंडापाशी धरा, पोटाशी नाही. सरळ वर, सावकाश, न पिरगळता ओढा. पोट दाबलं तर आतला मालमसाला जखमेत जातो. रॉकेल, नेलपॉलिश, पेटती काडी यातलं काहीही नको. त्यात गोचीड सुटायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ ती लाळ सोडत राहते. काढलेली गोचीड नखाने चिरडू नका, साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाका. आपल्याकडे माणसाला होणारा टिक टायफस हा ताप पसरवणाऱ्यांत हीच गोचीड आहे.

या तपासणीवरून बऱ्याच घरांत रोज कुस्ती चालते आणि शेवटी कुत्रा चिमटा दिसला की पलंगाखाली जातो. पंजा धरून ठेवणं त्याला आवडत नाही, हे त्याचं म्हणणं रास्त आहे. म्हणून गोचीड नसतानाच सवय लावा. पंजाला हात लावला की लगेच उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा, हात काढला की खाऊ बंद. दोन-तीन दिवसांनी बोट फाकवायचं, मग चिमटा नुसता दाखवायचा, मग कातडीला टेकवायचा. एका वेळी दोन मिनिटं पुरे. त्याने पंजा मागे घेतला तर घेऊ द्या आणि एक पायरी मागे या. जबरदस्तीने एकदा काढलेली गोचीड पुढच्या दहा तपासण्या अवघड करून ठेवते.

औषधांचं बोलायचं तर दोन जाती ध्यानात ठेवा. फिप्रोनिलचे मानेवर टाकायचे थेंब महिनाभर चालतात, पण ते कातडीच्या तेलकटपणातून पसरतात. म्हणून आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको. औषध काम करत नाही या तक्रारीमागे पुष्कळदा त्याच दिवशीची शाम्पूची आंघोळ असते. दुसरी जात म्हणजे चघळायच्या गोळ्या. अफोक्सोलॅनर, सॅरोलॅनर महिन्याला एक, फ्लुरालॅनर साधारण बारा आठवड्यांना एक, तीही जेवणाबरोबर, नाहीतर नीट शोषली जात नाही. या गोळ्या रक्तातून काम करतात, म्हणजे गोचिडीला आधी चावावंच लागतं. गोळी देऊनही अंगावर गोचीड दिसली म्हणजे गोळी खोटी नव्हे, ती एक-दोन दिवसांत मरते. मात्र एर्लिकिया या गोचिडीतून येणाऱ्या तापाचे जंतू चावल्यापासून काही तासांतच रक्तात जाऊ शकतात, म्हणून गोळी चालू असली तरी घराची सफाई सुटत नाही. फिट्स येणाऱ्या कुत्र्याला या जातीची गोळी व्हेटशी बोलल्याशिवाय देऊ नये.

आणि ते प्रसिद्ध 'गोचिडीचं इंजेक्शन'. ते बहुतेक वेळा आयव्हरमेक्टिन असतं. गोचिडीवर त्याचा भरवसा नाही, आणि कॉली, शेल्टी यांसारख्या जातींत ते मेंदूपर्यंत पोचून जीवावर बेतू शकतं. गुरांसाठी मिळणारं डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझ अंदाजाने बादलीत ओतणं हाही तसाच प्रकार. अमिट्राझ चाटलं गेलं की कुत्रा सुस्त पडतो, नाडी मंद होते, अंग गार पडतं. लहान पिल्लू किंवा मधुमेही कुत्रा असेल तर ते वापरूच नये. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन हे गोचीडनाशक आणि डेल्टामेथ्रिनसारखी त्याची भावंडं दाराबाहेर. फिनाईल आणि डांबरगोळ्या तर सगळ्यांसाठीच विष.

आता घर. कुत्र्याचं अंथरूण कडक गरम पाण्यात धुऊन उन्हात टाका, गोणपाट असेल तर फेकूनच द्या. व्हॅक्यूम असेल तर फटी, पलंगाचे सांधे, सोफ्याची खालची बाजू ओढून घ्या आणि पिशवी त्याच दिवशी बांधून कचऱ्यात. भेगा पुट्टीने बुजवा. पेस्ट कंट्रोलवाल्याला 'झुरळाचं' नाही, 'गोचिडीचं' असं स्पष्ट सांगा, म्हणजे तो फरशीवर न थांबता भिंतीच्या वरच्या कडेपर्यंत मारेल. फवारा सुकेपर्यंत प्राणी दुसरीकडे ठेवा. अंडी फवाऱ्याला सहसा दाद देत नाहीत, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी दुसरा हात हवाच. एक पिढी पुरी व्हायला आपल्या हवेत दोनेक महिने लागतात, तेव्हा अंगावरचं संरक्षण किमान तीन-चार महिने खंड न पाडता चालू ठेवा. थंडीत गोचीड नसते हा समज घरातल्या गोचिडीला लागू नाही.

एवढं करूनही कुत्र्याला गोचिडीच्या चाव्यातून ताप येऊ शकतो. नाइन-इन-वन किंवा रेबीजच्या लसीत या आजारांचा समावेश नाही. एर्लिकिया चावल्यापासून एक ते तीन आठवड्यांत डोकं वर काढतो आणि सुरुवात अगदी फसवी असते. कुत्रा अर्धी पोळी ठेवून देतो, जिना चढायला कुरकुरतो, दाराची बेल वाजली तर मान उचलतो पण उठत नाही. घरचे म्हणतात, रुसलाय. रुसलेला कुत्रा खाऊला हरतो, आजारी नाही. थर्मामीटर गुदद्वारातून लावा. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट नेहमीचं, १०३च्या पुढे ताप. नाक गार-गरम असण्यावर जाऊ नका. ओठ उचलून हिरडी बघा. गुलाबी हवी, आणि बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. हिरडी पांढरट आणि लघवी चहासारखी गडद असेल तर तांबड्या रक्तपेशी फोडणाऱ्या बबेसिया या गोचिडीतूनच येणाऱ्या परजीवीची शंका घ्या आणि रात्र काढू नका. पोटाच्या कातडीवर लाल ठिपके किंवा नाकातून रक्त म्हणजे प्लेटलेट खाली गेल्या आहेत.

दवाखान्यात सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि रक्ताचा स्मिअर, म्हणजे काचेवर पसरून तपासायचा थेंब, शक्यतो कानाच्या टोकाचा, मागून घ्या. स्मिअरमध्ये काही दिसलं नाही म्हणजे आजार नाही असं होत नाही. झटपट किट अँटिबॉडी दाखवतं, आणि ती बरं झाल्यावरही अनेक महिने राहते, त्यामुळे 'गेला का?' हे त्या किटला विचारण्यात अर्थ नाही.

एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन, किलोमागे दिवसाला १० मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला २००, बहुधा दोन वेळांत विभागून, २८ दिवस. हा हिशेब चिठ्ठी समजण्यासाठी आहे, स्वतः सुरू करण्यासाठी नाही. बबेसियाची औषधं वेगळी असतात, आणि दोन्ही आजार एकदम असणं नवीन नाही. डॉक्सीने दोन-तीन दिवसांत कुत्रा उड्या मारायला लागतो आणि दहाव्या दिवशी गोळी बंद होते. घोळ इथेच होतो. जंतू दबून राहतात आणि पुढे काही महिन्यांनी अस्थिमज्जेवर येतात, तेव्हा उपचार फार अवघड. जर्मन शेफर्डमध्ये हे विशेष वाईट वळण घेतं.

गोळी पेढ्यात, पनीरमध्ये किंवा दुधातून देऊ नका, कॅल्शियम औषधाला बांधून ठेवतं. उपाशीपोटी दिली तर उलटी, आणि कोरडी गिळवली तर अन्ननलिकेत अडकून भाजल्यासारखी जखम. भाताच्या गोळ्यात द्या आणि वरून सिरिंजने ५-१० मिलिलिटर पाणी गालाच्या कडेने. पपईच्या पानांचा रस द्यायचा तर व्हेटला विचारून द्या, पण त्याच्या भरवशावर डॉक्सी थांबवू नका. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन घरच्या डब्यातलं अजिबात नाही, आधीच प्लेटलेट कमी असताना आयबुप्रोफेन पोटात रक्तस्राव घडवतं.

राहता राहिला सोसायटीचा प्रश्न. पार्किंगमधल्या कुत्र्यांवर गोचिडी आहेत म्हणून त्यांना हाकलल्याने गोचीड जात नाही, ती जिन्याच्या भेगेतच असते. त्यापेक्षा चार घरांनी वर्गणी काढा. त्या कुत्र्यांना रोज खायला घालणारी व्यक्ती एखादी असतेच, तिला बरोबर घ्या. बहुतेक रस्त्यावरचे कुत्रे १० ते २० किलोच्या गटात बसतात, फ्लुरालॅनरची त्या वजनाची एक गोळी चिकनभातात घातली की तीन महिने सुटका. पिल्लं, गाभण कुत्री आणि फिट्स येणारे यांच्याबद्दल आधी व्हेटला विचारा. गोळी दिल्याची तारीख वॉचमनच्या केबिनमध्ये लिहून ठेवा.