साठी झाली की दीड हजाराचे सहाशे
आज रामबागेतून आमच्या पोळ्यांच्या मावशींना घेऊन बँकेत गेले होते, लाडली बहनाचे, म्हणजे एमपी सरकार बायकांना दरमहा देतं ते पैसे का नाही आले ते विचारायला, तर कळलं की त्यांना 60 पूर्ण झाली म्हणून नाव निघालं. 2023 मध्ये 1000 ने सुरू झालेली योजना 1250 करत 1500 वर आली, पण साठीनंतर बंद, मग वृद्धावस्था पेन्शन, तीही आपल्या एमपीत महिन्याला 600, आणि त्यात केंद्राचे फक्त 200, कित्येक वर्षांपासून तेवढेच!

लाईनीत एक काका म्हणाले, हे फुकट वाटप बंदच करायला पाहिजे. मला खूप राग आला. मावशींचे गुडघे गेलेत तरी चार घरच्या पोळ्या करतात, त्या पैशात बीपीच्या गोळ्या अन् गॅस निघत होता हो. सुधारणा करा ना, ज्यांना गरज नाही त्यांची नावं काढा, पण हातपाय चालतात तोवर जास्त आणि थकल्यावर कमी, हा कुठला हिशोब? आधी पेन्शन 1500 करा. काकांना तिथेच सांगितलं सगळं. उद्या पेन्शनचा फॉर्म भरायचाय, मावशींना समग्र आयडी (एमपी सरकारचा ओळख क्रमांक), आधार अन् बीपीएल कार्ड घेऊन या म्हटलंय.