तुम्ही विचारलंत म्हणून: कोळसा कधी बंद होणार?

थर्मलमधे नोकरी केलेला माणूस दिसला की लग्नात, बारशात, सोसायटीच्या मीटिंगमधे लोक एकच प्रश्न विचारतात, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत तर जास्तच. "काय हो, आता सगळीकडे सोलर आलं, मग तुमचा कोळसा कधी बंद होणार?" पुण्या-मुंबईचे लोक हे जरा आरोपीला विचारल्यासारखं विचारतात. अमरावतीचा माझा भाचा सरळ विचारतो, "मामा, सोलर आलं ना आता, मंग कोयसा काहाले जायता?" मी विदर्भातल्या एका थर्मल स्टेशनला ऑपरेशनमधे होतो, कोणत्या ते सांगत नाही कारण पुढे थोडं घरचंही बोलणारे. आता रिटायर आहे, त्यामुळे कोणाची बाजू घ्यायची गरज नाही आणि वेळ भरपूर आहे.

तर माझं उत्तर असं की तारीख कोणालाच सांगता येणार नाही, पण किती मेगावॅट सोलर लागलं हे मोजत बसण्यापेक्षा ऑक्टोबरमधे संध्याकाळी सात वाजता काय चालू असतं ते बघा. त्या एका तासात सगळा घोळ आहे.

आधी आकड्यांचा गोंधळ मिटवू. जुलै 2025 मधे बातमी आली होती की देशाची निम्मी वीजक्षमता आता कोळसा-गॅस सोडून आहे, म्हणजे सोलर, पवन, पाणी, अणू वगैरे मिळून. बातमी खरी आहे. पण क्षमता म्हणजे पाटीवर लिहिलेले मेगावॅट, आणि वर्षभरात प्रत्यक्ष तयार झालेली विजेची युनिटं बघितली तर आजही 70 टक्क्यांच्या आसपास कोळशाचीच आहेत, कारण सोलर दिवसातले पाच-सहा तासच धड चालतं आणि कोळशाचं युनिट, म्हणजे बॉयलर-टर्बाइनचा अख्खा संच, रात्रंदिवस. लोक पहिला आकडा वाचतात आणि दुसरा वाचतच नाहीत, मग मला लग्नात पकडतात.

आता ऑक्टोबर. आपल्याकडे खरी परीक्षा मेमधे असते असं सगळ्यांना वाटतं, उकाडा, एसी, कूलर. मेमधे मागणी जास्त असते हे बरोबर, पण मेमधे ऊन पण असतं आणि पावसाळ्याच्या भीतीने कोळशाचे ढीग पण लावून ठेवलेले असतात. ऑक्टोबरचं तसं नाही. पाऊस गेलेला, त्याच्याबरोबर वारा गेलेला, म्हणजे जुलै-ऑगस्टमधे वनकुसवडेच्या पठारावर आणि तिकडे धुळ्याकडे ब्राह्मणवेलला ज्या पवनचक्क्या गरागरा फिरत होत्या त्या आता नुसत्या उभ्या, शेतकरी रब्बीच्या तयारीला मोटारी सुरू करतो, ऑक्टोबर हीटने शहरात परत एसी लागतात, दिवस लहान होत चाललेला त्यामुळे सूर्य सहाच्या सुमारास गुल, आणि खाणींमधे चार महिने पाणी भरलेलं असल्यामुळे कोळशाचा साठा तळाला गेलेला. 2021 च्या ऑक्टोबरमधे देशभर कोळशाची बोंब झाली ती अशीच. पुढच्याच वर्षी एप्रिलमधे परत झाली, तेव्हा तर रेल्वेने पॅसेंजर गाड्या रद्द करून कोळशाच्या रेकना, म्हणजे मालगाड्यांना, वाट दिली.

रेक म्हणजे किती ते सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला अंदाज नसतो. 500 मेगावॅटचं एक युनिट फुल लोडवर दिवसाला सात-आठ हजार टन कोळसा खातं, म्हणजे दोन अख्ख्या मालगाड्या. एका युनिटला. रोज. आणि आपल्याकडच्या कोळशात तिसरा हिस्सा किंवा जास्तच राख असते, म्हणजे तेवढं ओझं आपण रेल्वेने नुसतं फिरवून आणतो आणि मग राखेच्या तलावात टाकतो.

पावसाळ्यातल्या ओल्या कोळशाबद्दल मात्र मला थांबवू नका. कोळसा भिजला की तो चिखल होतो. बंकरमधून, म्हणजे वरच्या कोठीतून, खाली उतरतच नाही, चुटमधे, म्हणजे घसरणीच्या नळात, अडकतो, खालचा कोळसा पुढे ढकलणारा फीडर रिकामा फिरत राहतो, डेस्कवर बसलेल्याला दिसतं की मिलचा, म्हणजे कोळसा दळणाऱ्या चक्कीचा, लोड पडला, मग कंट्रोल रूममधून फोन, मग खाली पोरं घण घेऊन चुटवर ठाण ठाण ठोकतायत. तोपर्यंत बॉयलरमधली ज्वाळा डळमळीत व्हायला लागते, मग ऑइल गन लावा, म्हणजे तेल जाळून कोळशाला आधार द्या, आणि तेवढ्यात दुसरी मिल चोक. अशा नाइट शिफ्ट माझ्या बऱ्याच गेल्यात. सकाळी घरी आलो तरी कानात घण वाजायचे. ती ठोकणारी पोरं जवळपास सगळी कंत्राटी, हे पण इथेच लिहून ठेवतो. आणि टीव्हीवर कोणी म्हणालं की सोलर बेभरवशाचं आणि कोळसा भरवशाचा, की मला हसू येतं. परळीचं स्टेशन 2013 ला आणि परत 2015 ला पाणी नाही म्हणून बंद ठेवायला लागलं होतं. कोळसा होता, पाणी नव्हतं. मराठवाड्यात दुष्काळ पडला की थर्मल पण दुष्काळात.

तरी मग बंद का नाही करत? कारण मोठं युनिट पंख्यासारखं चालू-बंद करता येत नाही. वाफ साधारण 540 डिग्रीला असते, बॉयलरच्या ड्रमची भिंत चांगली जाडजूड, ती हळूहळू तापवायला लागते नाहीतर धातूला तडे जातात. पूर्ण थंड युनिट लाइट-अप करून फुल लोडला आणायचं म्हणजे आठ-दहा तास कुठे जात नाहीत. मग संध्याकाळी सातला जे युनिट पाहिजे ते दुपारी बारालाही जिवंत ठेवावं लागतं, दुपारी त्याची वीज नको असली तरी. आमच्या वेळी कळव्याहून एलडीचा, म्हणजे राज्याच्या लोड डिस्पॅच सेंटरचा, फोन यायचा तो बहुतेक लोड वाढवा म्हणून. आता जे ड्यूटीवर आहेत ते सांगतात की दुपारी बॅक डाऊन, बॅक डाऊन, म्हणजे लोड कमी करा, आणि पाच वाजले की वाढवा, वाढवा, वाढवा. केंद्राच्या नियमाप्रमाणे 55 टक्के लोडपर्यंत खाली यायचं, आणि 2030 पर्यंत टप्प्याटप्प्याने 40 वर. ज्यांनी ही युनिटं बांधली त्यांनी ती एका लोडवर सरळ चालत राहावीत म्हणून बांधली होती. रोज वरखाली केलं की बॉयलरच्या ट्यूबा फुटतात, आणि ट्यूब फुटली की युनिट दोन-तीन दिवस गेलंच समजा.

आमच्या मेहुण्याने छतावर 3 किलोवॅट लावलंय, केंद्राची 78 हजार सबसिडी पण मिळाली, बिल जवळजवळ शून्य. तो म्हणतो मी आता कोळसामुक्त. म्हटलं भाऊ, दुपारी तू ग्रिडला देतोस ते चांगलंच आहे, पण रात्री अकराला तुझ्या बेडरूमचा एसी चंद्रपूरचं थर्मलच चालवतंय, नेट मीटर फक्त हिशोब जुळवतो. ती किराण्याची वही आहे, दुपारी जमा आणि रात्री उधार, दुकानदाराला रात्री दुकान उघडं ठेवावंच लागतं ना. चिडला. पण सोलर लावू नका असं मी कोणाला म्हणत नाही, मी स्वतः त्याला लावायला सांगितलं होतं.

सोलरने आपल्या राज्यात सगळ्यात मोठं काम कुठे केलं असेल तर ते बंगल्यांच्या छतावर नाही, शेतात. 45 लाखांच्या आसपास कृषीपंप आहेत महाराष्ट्रात, आणि महावितरणच्या विजेतला जवळजवळ 30 टक्के वाटा त्यांचा. इतकी वर्षं हा लोड आपण मुद्दाम रात्री ढकलला, कारण कोळशाची युनिटं रात्री पण चालूच असायची आणि ती वीज कोणाला तरी द्यायची होती. म्हणून शेतकऱ्याने रात्री दोनला बॅटरी घेऊन पाणी द्यायला जायचं, साप, विंचू, जुन्नर-नाशिककडे बिबटे. आता सौर कृषी वाहिनीत सबस्टेशनच्या जवळ गायरानावर पॅनल लावून तो अख्खा फीडरच, म्हणजे पंपांची वीजलाइन, दिवसा चालवायचा, अशी 16 हजार मेगावॅटची योजना आहे. कामं कुठे जोरात आहेत, कुठे जमिनीवरून भांडणं आहेत, गायरान म्हणजे गुरांचं चरायचं रान, तेव्हा गावाची तक्रार खोटी नाही. पण दिशा एकदम बरोबर आहे, कारण यात सोलरला रात्री कामाला लावायचा अट्टहास नाही, कामच दुपारी आणलंय.

राहिला संध्याकाळचा प्रश्न. त्याला आपल्याकडे जुनं उत्तर आहे, सह्याद्री. मुंबईच्या गिरण्या आधी कोळशाच्या बॉयलरवर चालायच्या, 1915 ला टाटांनी खोपोलीला घाटावरचं पाणी खाली सोडून वीज केली आणि गिरण्यांना दिली, म्हणजे कोळशाला पर्याय शोधायचा उद्योग या राज्यात शंभर वर्षांपूर्वीच झालाय. मग कोयना, 1960 मेगावॅट. कोयनेचं मशीन काही मिनिटांत लोड घेतं, आमच्यासारखं आठ तास कण्हत नाही. पण कोयनेला मर्यादा आहे, कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वर्षाला 67.5 टीएमसीच (अब्ज घनफूट) पाणी सोडायला परवानगी दिलीय, ते जपून वापरायचं. म्हणून पंप्ड स्टोरेज. दुपारी फुकट जाणारी सोलरची वीज वापरून पाणी वर चढवा, संध्याकाळी तेच खाली सोडा, तेच पाणी परत परत. शंभर युनिटं घातली तर 75 ते 80 परत मिळतात, तोटा आहे पण चालतं. अकोले तालुक्यात घाटघरला हे 2008 पासून आहे, 250 मेगावॅट. गंमत म्हणजे घाटघर बांधलं तेव्हा विचार उलटा होता, रात्रीची कोळशाची फालतू वीज घेऊन पाणी चढवायचं. यंत्र तेच, आता फक्त घड्याळ बदलायचं.

डिसेंबर 2023 ला राज्याने पंप्ड स्टोरेजचं धोरण आणलं, तेव्हापासून करारांच्या बातम्या येतायत. करार आणि धरण यात किती वर्षं जातात हे आपल्याला माहिती आहे, आणि घाटात बोगदे, जंगल, विस्थापन हेही आलंच. तोपर्यंत बॅटऱ्या येतील, येतायत, त्यांचे भाव पडलेत ते खरंच पडलेत. बॅटरी दोन-चार तासांची सोय करते आणि संध्याकाळ साधारण तेवढीच असते. माझं स्पष्ट मत असं की कोळशाचं नवीन युनिट उभं करायला जो पैसा घालताय तो इथे घाला, आणि जुनी युनिटं संध्याकाळच्या ड्यूटीवर ठेवून एकेक करून सोडा. माझ्या सोबतच्या काही लोकांना हे अजिबात पटत नाही, ते म्हणतात सलग चार दिवस ढग असले तर तुझी बॅटरी काय करेल? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच मी एकेक करून म्हणतोय.

उशीर झाला तर त्याचं बिल कोण भरतंय हे पण विचारायला पाहिजे. चंद्रपूरहून मुंबईजवळ पडघ्यापर्यंत 752 किलोमीटरची एचव्हीडीसी, म्हणजे उच्च दाबाची डीसी, लाइन आहे, 1999 पासून, 1500 मेगावॅटची. 2005 च्या पुढेमागे राज्यात लोडशेडिंग होतं तेव्हा त्या लाइनखालच्या गावांत दहा-दहा, बारा-बारा तास अंधार आणि मुंबईत शून्य मिनिटं. 2009 ला केंद्रीय प्रदूषण मंडळाने देशातल्या औद्योगिक भागांचं मोजमाप केलं त्यात चंद्रपूर चौथं आलं. राख तिकडे, खाणीचे खड्डे तिकडे, आणि "कोळसा अजून का जाळता" हा प्रश्न इकडून. चंद्रपूरच्या माणसाने मला हा प्रश्न असा कधीच विचारला नाही, तो विचारतो की बंद झालं तर पोरांना काम काय. 210 मेगावॅटची पहिली दोन युनिटं तिथे कायमची बंद झाली तेव्हा परमनंट लोक दुसऱ्या युनिटांवर गेले, कंत्राटी पोरांचं ज्याने त्याने बघितलं.

भाच्याला हेच सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, मामा मंग मी थर्मलची अप्रेंटिसशिप करू का नको? म्हटलं मिळाली तर कर, पण बॉयलरला चिकटू नको, इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला जा, रिले, ट्रान्सफॉर्मर, स्विचयार्ड शिक, ते सोलरला पण लागतं आणि घाटघरला पण.

आणि सोसायटीवाल्यांना एवढंच की टाकीचा पंप संध्याकाळी सातला लावता तो दुपारी दोनला लावा, टीओडी मीटरवर, म्हणजे वेळेप्रमाणे दर लावणाऱ्या मीटरवर, दुपारच्या युनिटला सवलत पण आहे, वॉचमनला सांगायचं फक्त. मागच्या मीटिंगला मी हा विषय मांडला होता, पण पार्किंगचं भांडण लागलं आणि तो राहून गेला.