सात वर्षं, तीन कंपन्या आणि आउटटर्नचा रकाना

दिवाळी आटोपली की गुंतवणुकीची वही काढायची, हा नेम. यंदा पावसाने दिवाळीलाही पाठ सोडली नाही, त्यामुळे वहीची पानं दमट झालीत आणि २०२१ च्या पानावरची शाई पसरली आहे. त्या वर्षाला तेच शोभतं.

नव्यांसाठी थोडक्यात: मी वेंगुर्ल्यात एका काजू कारखान्यात हिशेब बघतो. नोकरी, घर, पीएफ सगळं याच देशात, म्हणून २०१९ पासून थोडे पैसे मुद्दाम बाहेरच्या वाढत्या बाजारांत ठेवतो. सुरुवात म्युच्युअल फंडाने केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये ती वाट अडली. परदेशी शेअरसाठी साऱ्या फंड उद्योगाला मिळून ७ अब्ज डॉलरची मर्यादा आहे, ती भरत आली आणि बहुतेक फंडांनी नवे पैसे घेणं थांबवलं. पुढच्याच महिन्यात एमएससीआयने, म्हणजे ज्यांच्या शेअर निर्देशांकांवर जगभरचे फंड चालतात त्या संस्थेने, रशियाला निर्देशांकातून काढलं, तेही जवळजवळ शून्य भावाने. माझा वाटा चहापाण्याइतका होता, पण शून्य म्हणजे शून्य.

थेट शेअर तोवर सुरू केले होते. एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली परदेशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, मी त्याच्या जवळपासही नाही. पहिल्यांदा परदेशी पैसे पाठवायचा ए-२ फॉर्म घेऊन बँकेत गेलो तेव्हा शाखेत तो कुणी पाहिलेलाच नव्हता. साहेबांनी मलाच विचारलं, कुठे सही करू? शिवाय दर खेपेला पाठवणीचं शुल्क ठरलेलं, म्हणून दरमहाची चैन सोडली. आता वर्षातून दोनदाच पाठवतो.

कंपन्या तीन: तैवानची चिप बनवणारी टीएसएमसी, लॅटिन अमेरिकेतलं ऑनलाइन दुकान मर्काडोलिब्रे आणि सिंगापूरची सी लिमिटेड. तिन्ही अमेरिकन बाजारात मिळतात.

सी लिमिटेडबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण धड्याची फी तिथेच भरली. शॉपी नावाचं ऑनलाइन दुकान आणि फ्री फायर हा मोबाइल गेम, दोन्ही त्यांचे. २०२१ च्या नोव्हेंबरात तीनशे डॉलरच्या आसपास घेतला. विक्री २०१८ पासून तीन वर्षांत बारा पट झाली होती आणि मी तेवढाच आकडा बघत होतो. १४ फेब्रुवारी २०२२ ला संध्याकाळी भाचा पडवीत मोबाइल आपटत आला: "मामा, फ्री फायर बॅन!" भारत सरकारने बंदी घातली होती. त्याच रात्री अमेरिकेत शेअर पंधरा टक्क्यांहून जास्त पडला. दीड महिन्यात शॉपीनेही भारतातून गाशा गुंडाळला. नोव्हेंबर येईतो भाव पन्नासच्या खाली. आणि विक्री? २०२१ मध्ये सुमारे ९९५ कोटी डॉलर, २०२२ मध्ये १,२४५ कोटी. म्हणजे धंदा वाढतोय, माझे पैसे सहावा हिस्सा.

कंपनीचा तोटा मोठा होता आणि व्याजदर चढत होते, ही कारणं सगळे सांगतात. मला खरं उमगलं ते कारखान्यात. काजूची बी आली की आम्ही पोत्याचं नुसतं वजन बघत नाही. नमुन्याला मूठभर बी काढायची, अडकित्त्याने कापायची, चांगली एकीकडे, पोकळ आणि डागी दुसरीकडे. मग आउटटर्न काढायचा: ८० किलोच्या पोत्यात गर किती पौंड. ४८ लागला तर मालक खूश, ४४ लागला तर दलालाला फोन. आफ्रिकेतून आलेलं पोतं बाहेरून कितीही टुमटुमीत दिसो, गर नसेल तर आपण टरफलाचे पैसे मोजले.

मी विक्रीचं पोतं उचलून बघत होतो. सी लिमिटेडने २०१८ अखेर ते २०२१ अखेर या काळात शेअरची संख्याच दीडपटीच्या वर नेली होती. नवे शेअर विकून पैसा उभा करायचा, तो वाढीत ओतायचा. वाढ दिसते, पण वाटेकरीही वाढतात. आपल्याकडच्या आंब्याच्या बागेत चुलत घराणी वाढतात तसंच. झाडं तीच, पेट्या कमी.

तेव्हापासून वहीत एक रकाना वाढला. दर कंपनीपुढे शेअरची संख्या, आणि एका शेअरमागे विक्री किती. टीएसएमसीचे कितीतरी वर्षं साधारण २,५९३ कोटी शेअर आहेत, म्हणजे वाढ झाली ती जवळजवळ पूर्ण धारकाच्या पदरात. मर्काडोलिब्रे २००७ मध्ये नॅसडॅक या अमेरिकन शेअर बाजारात आली तेव्हा तिचे शेअर साडेचार कोटींच्या आत होते, आता पाच कोटींच्या थोडे वर. त्या देशांत चलन किती वेळा कोसळलं ते बघता हा हिशेब मला अजूनही पटत नाही, पण आहे खरा. सी लिमिटेड मी विकला नाही. वाढवलाही नाही.

रुपयाचं वेगळंच. २०१९ मध्ये डॉलर सत्तरच्या आसपास होता, २०२५ च्या दिवाळीला ८८ च्या आसपास. माझ्या वहीत ते हिरव्या शाईत, मालकांच्या आयात बीच्या बिलात लाल. दोन्ही आकडे मीच लिहितो.

व्हिएतनाम खुणावतोय. काजूगराच्या निर्यातीत त्यांनी आपल्याला कधीच मागे टाकलं, ते मी रोज सोसतो. पण एमएससीआयच्या लेखी तो अजून फ्रंटियरमध्ये, म्हणजे वाढत्या बाजारांच्याही खालच्या पायरीवर, आणि तिथले थेट शेअर घेणं माझ्या आवाक्यातलं नाही. बघत राहणं एवढंच.

३१ डिसेंबरला खात्याचा स्क्रीनशॉट घ्यायचा, हे ठळक लिहून ठेवलंय. आयकर रिटर्नमधल्या शेड्यूल एफएला, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्याला, जानेवारी ते डिसेंबर लागतं, एप्रिल ते मार्च नव्हे; एकदा चुकलो, सुधारित रिटर्न भरावं लागलं.

पुढची रक्कम जानेवारीत जायची होती. परवा आईने वही बघितली आणि म्हणाली, "पैशे थय धाडतंस, मगे हयल्या घराची कौलां कोण परततलो?" तर जानेवारीची खेप कौलांना. रकान्यात तशी नोंद केली आहे.