जपानी गेमिंगचा लॉग: जादूचे मंत्र, जुनी कार्ट्रिज आणि वीस हजार येनचा फरक

जपानी भाषेच्या परीक्षेतल्या एन४ पातळीची पुस्तकं आता कपाटात गेली आणि तिच्या पुढच्या एन३ची टेबलावर आली. डिसेंबरच्या परीक्षेचं केंद्र पुण्यातच असल्यामुळे पळवाटही नाही. पण गेल्या नोंदीपासून जी काही प्रगती झाली, ती पुस्तकात कमी आणि टीव्हीसमोर जास्त.

सध्या फॅमिकॉमवरचा (निन्टेन्डोचं जुनं गेम मशीन) पहिला 'ड्रॅगन क्वेस्ट' चालू आहे, १९८६चा. अख्खा गेम ६४ किलोबाइटमध्ये बसवलेला, त्यामुळे कांजी, म्हणजे चिनी वळणाची अर्थवाही चिन्हं, औषधालाही नाहीत. जवळजवळ सगळा मजकूर हिरागाना या उच्चारी लिपीत, परक्या शब्दांसाठीच्या काताकाना लिपीची अक्षरंही मोजकीच. नवख्याला वाटेल, बरं झालं. पण कांजीची सवय लागली की हेच जड जातं: शब्दांमध्ये जागा सोडलेली असते खरी, तरी सारख्या उच्चाराच्या चार शब्दांतला नेमका कोणता, हे संदर्भावरूनच ताडायचं.

खरी मजा सेव्ह करताना. कार्ट्रिजमध्ये (गेमची मशीनमध्ये खोचायची डबी) खेळ साठवून ठेवणारी बॅटरीच नाही. राजासमोर जायचं, तो २० अक्षरांचा 'पुनरुज्जीवनाचा मंत्र' सांगतो, आणि तो आपण वहीत उतरवायचा; पुढच्या वेळी तोच भरला की खेळ पुढे चालू. अक्षरं ५-७-५-३ अशा तुकड्यांत येतात, म्हणजे सुरुवात थेट हायकूच्या चालीची. 'नु' आणि 'मे', 'रु' आणि 'रो' यांत शेवटच्या गाठीपुरता फरक. 'का'चा 'गा' होतो तो वरच्या कोपऱ्यातल्या दोन बारीक रेघांनी, आणि जुन्या टीव्हीवर त्या रेघा दिसल्या तर दिसल्या. एक अक्षर चुकलं की राजा ओळखही दाखवत नाही. दुसऱ्या भागात (१९८७) हाच मंत्र ५२ अक्षरांपर्यंत जातो. हिरागाना गिरवायला चौकटीच्या वहीपेक्षा हे शतपटीने बरं. अक्षरांचा क्रम पाठ करायला आपल्याला तसेही कष्ट नाहीत; का-सा-ता-ना-हा-मा ही रांग संस्कृत वर्णमालेच्या वळणानेच लागलेली आहे.

आता पैशांचं. निन्टेन्डोचं नवं गेम मशीन स्विच २ जून २०२५मध्ये आलं, तेव्हा जपानमध्ये दोन किमती लागल्या: फक्त जपानी भाषेचं मशीन ४९,९८० येन, सगळ्या भाषांचं ६९,९८० येन. स्वस्त मशीनचा मेनू जपानीच, आणि अकाउंटही जपानचंच लागतं. तेव्हाचा मधला फरक म्हणजे आपले अकरा-बारा हजार रुपये. अमेरिकेत सगळ्या भाषांचं मशीन तेव्हा ४५० डॉलरला, त्यामुळे स्वस्त मशीनला भाषेचं कुलूप का, म्हणून तिकडच्या जपानप्रेमी मंडळींनी बराच गळा काढला.

मला ही तक्रार पटत नाही. २०११मध्ये डॉलरला पाऊणशे येन मिळायचे, २०२४च्या जुलैत १६०च्याही वर. पगार मात्र त्या मानाने वाढले नाहीत. तिथल्या शाळकरी पोराला परवडेल असा भाव ठेवला आणि भाषेचं कुलूप लावलं नाही, तर पर्यटक आणि दलाल मिळून दुकानं धुऊन नेतील. सोनीनेही शेवटी तेच केलं. त्यांच्या प्लेस्टेशन ५ (पीएस५) या मशीनची किंमत ५४,९७८ वरून चढत चढत ७९,९८० येनवर गेली होती. २०२५च्या नोव्हेंबरात फक्त जपानी भाषेची डिजिटल आवृत्ती ५५,००० येनला काढली. ज्याला वाचता येतं त्याला सवलत. आपण नाहीतरी रात्री जागून तेच शिकतोय, मग रडायचं कशाला?

आणि जपानमध्ये गेम कायम स्वस्तच होते, हाही भ्रम. १९९५ला सुपर फॅमिकॉमच्या (फॅमिकॉमचं पुढचं मशीन) एका मोठ्या आरपीजीला, म्हणजे 'ड्रॅगन क्वेस्ट'सारख्या लांबलचक कथेच्या गेमला, ११,४०० येन मोजावे लागत. गेम साठवणारी रॉम चिप महाग, कार्ट्रिज महिने आधी मागवायची, आणि माल पडून राहिला की दुकानदाराच्या गळ्यात. सीडी आली, आणि पहिल्या प्लेस्टेशनवर १९९७चा 'फायनल फँटसी ७' ६,८०० येनला मिळू लागला.

ॲनिमेच्या (जपानी ॲनिमेशन मालिका) डिस्कचं गणित त्याहून विचित्र: एका डिस्कवर दोन भाग आणि किंमत सहा-सात हजार येन. ब्लू-रेसाठी जपान आणि अमेरिका एकाच विभागात येतात, म्हणून स्वस्त अमेरिकन डिस्क जपानी गिऱ्हाइकाने मागवू नये यासाठी काही डिस्कवर इंग्रजी सबटायटल बंदच करता येत नाहीत. वाचनाच्या सरावासाठी मी डिस्कच्या नादी लागत नाही. पोरांच्या मांगात, म्हणजे जपानी कॉमिक्समध्ये, प्रत्येक कांजीवर छोट्या अक्षरांत उच्चार छापलेला असतो आणि जुने अंक कवडीमोलाने मिळतात.

जुन्या गेमचा बाजार इतका भरलेला आहे त्यामागे कोर्टाचा एक निकालही आहे. वापरलेले गेम विकायला कंपन्यांचा विरोध होता. २००२मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांच्या बाजूने कौल दिला. तिथून मागवताना दोनच शब्द आधी शिकून ठेवा. 'हाकोनाशी' म्हणजे खोका नाही. आपल्याला खेळायचंच असेल तर हेच घ्यावं, भाव बराच उतरतो. 'जंक' म्हणजे चालेल याची हमी नाही, परतही घेणार नाहीत. कार्ट्रिज जंक असलं तर बहुतेकदा टोकं पुसून चालतं, मशीनच्या बाबतीत मी तो जुगार खेळत नाही.

सुपर फॅमिकॉमच्या कार्ट्रिजमधली सेव्हची बॅटरी मात्र आता तिशी उलटलेली. ती डाग देऊन बसवलेली असते, नुसती काढून नवी घालता येत नाही. सोल्डरिंगचं सामान घरात आहेच. पुढच्या नोंदीत त्याच कामाचे फोटो.